मधल्या सुट्टीतला धडा

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम आहे. नात्यातल्या सगळ्यांना हे माहीतच आहे, नेहमी इथे डोकावणाऱ्या मित्रमंडळींना आता कळलं. त्याचं नाव लिहीत नाही. उद्या मोठा होऊन तो हे वाचेल, तेव्हा निदान एवढं तरी माझ्या बाजूने असू दे!

गेल्या महिन्यात ताईने मला एका माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. 'सोशल स्किल्स'चा वर्ग. आठवड्यातून एकदा, साडेतीन महिने. फीचा आकडा बघून भावोजींनी चष्मा काढून पुसला आणि परत वाचला, आकडा तोच होता. वर ठळक अक्षरांत 'शास्त्रीय संशोधनावर आधारित'. खाली ताईचा एका ओळीचा मेसेज : "तुला वाचायची हौस आहे ना, मग वाचून सांग. घालू का?"

आता मी डॉक्टर नाही की मानसशास्त्रज्ञ नाही. माझी नोकरी हिशेबतपासणीची. पण त्यामुळे एक खोड लागली आहे. आकडा दिसला की तो कोणी मोजला, कशाने मोजला आणि तो मोठा निघाला तर कोणाला बरं वाटणार होतं, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याच खोडीने गेले तीन आठवडे रात्री बसून जे वाचता आलं ते वाचलं. ताईला उत्तर दिलं आहे. पण ते उत्तर देताना लक्षात आलं की यातला निम्मा मजकूर ताईसाठी नाहीच, तो बाकीच्या आपल्या सगळ्यांसाठी आहे. म्हणून हा लेख.

आधी त्या वर्गांबद्दल.

या प्रकारच्या वर्गांमध्ये सगळ्यात नावाजलेला आहे तो 'पीअर्स' नावाचा अभ्यासक्रम. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी तो तयार केला, आणि २००९ साली ३३ किशोरवयीन मुलांवरची त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला दीड तास, चौदा आठवडे. एका खोलीत मुलं शिकतात, त्याच वेळी दुसऱ्या खोलीत आईवडील शिकतात, कारण घरचा अभ्यास त्यांनाच करून घ्यायचा असतो. गप्पा कशा सुरू ठेवायच्या, मित्राला घरी बोलावलं तर काय करायचं, कोणी चिडवलं तर काय म्हणायचं, असे धडे.

त्यातला एक धडा मला फार आवडला. चारजण गप्पा मारत उभे असतील तर त्यांच्यात कसं शिरायचं? आपण मोठी माणसं मुलांना काय सांगतो? "जा, जाऊन सांग माझं नाव अमुक, मी खेळू का?" अहो, कुठलं मूल असं करतं? जी मुलं सहज मिसळतात ती आधी जरा लांब उभी राहून ऐकतात, विषय काय चालला आहे ते पकडतात, बोलण्यात खंड पडायची वाट बघतात आणि मग त्याच विषयावर एखादं वाक्य टाकतात. 'पीअर्स'मध्ये हे शिकवतात. म्हणजे मोठ्यांच्या कल्पनेतलं वागणं सोडून मुलं खरोखर जसं वागतात तसं. हे मला प्रामाणिक वाटलं. तेव्हा हे सगळं संशोधन म्हणजे नुसता धंदा आहे, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण मग खोड उफाळून आली. मोजलं कसं?

२०१७ साली गेट्स, कांग आणि लर्नर या संशोधकांनी अशा गटवर्गांच्या १९ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्यासुध्या नव्हेत, जणू चिठ्ठ्या टाकून मुलांची वाटणी केलेल्या : काहींना वर्ग, काहींना नाही, आणि मग तुलना. सगळं मिळून परिणाम मध्यम निघाला. वाईट नाही. पण त्यांनी पुढे जाऊन विचारलं, की हा परिणाम दिसला कोणाला?

मुलांना स्वतःला विचारलं तर फरक मोठा होता. आईवडिलांना विचारलं तर लहान. बाहेरून निरीक्षण करणाऱ्यांनाही लहानच. आणि शाळेतल्या शिक्षकांना विचारलं, तर फरक पडला असं म्हणण्याइतका पुरावाच मिळेना. बरं, मुलांच्या सांगण्यातला तो मोठा फरक उलगडून पाहिला तेव्हा तो सगळाच्या सगळा 'काय करायचं ते मला आता माहीत आहे' या खान्यातला निघाला. 'मी तसं करतो' या खान्यात भरवसा ठेवावा असं काही नव्हतं.

हे वाचून मला आपलं नागरिकशास्त्र आठवलं. इतिहासाला चिकटवलेलं वीस-पंचवीस मार्कांचं. रांगेत उभे राहावे, डाव्या बाजूने चालावे, सार्वजनिक मालमत्तेची काळजी घ्यावी. आपल्या सगळ्यांना पैकीच्या पैकी असायचे. आता संध्याकाळी सहा वाजता स्वारगेटला जाऊन उभे राहा आणि बघा.

गंमत म्हणजे ही गोष्ट संशोधकांना कधीपासून माहीत आहे. १९८५ साली लंडनमध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक प्रयोग केला, तो पुढे फार गाजला. सॅली तिचा कंचा टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन तो काढून डब्यात लपवते. सॅली परत आल्यावर कंचा कुठे शोधेल? बरोबर उत्तर टोपलीत, कारण तिला बिचारीला काय माहीत. ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांनी चुकीचं उत्तर दिलं. मग ठरलं की दुसऱ्याच्या मनात काय चाललं आहे हे या मुलांना ओळखता येत नाही, तर ते शिकवू या. १९९५ साली ओझोनॉफ आणि मिलर यांनी पाच मुलांना ते शिकवलं, चारांना तुलनेसाठी बाजूला ठेवलं. शिकवलेली मुलं अशा कोड्यांमध्ये खरंच सुधारली. पण आईवडील आणि शिक्षक यांनी त्यांच्या रोजच्या वागण्याला दिलेल्या गुणांमध्ये काहीच हललं नाही. गट फारच छोटा होता, मान्य. पण बावीस वर्षांनी १९ चाचण्यांची बेरीज केली तरी तोच सूर लागावा, याला काहीतरी अर्थ आहे.

आईवडिलांच्या उत्तराबद्दलही एक गोष्ट सांगते, आणि यात त्यांना खोटं ठरवायचा हेतू बिलकुल नाही. चौदा आठवडे तुम्ही ट्रॅफिकमधून मुलाला नेता-आणता, फी भरता, शेजारच्या खोलीत बसून स्वतः शिकता. मग कोणी प्रश्नावली हातात दिली तर पेन जरा वरच्या आकड्याकडे झुकणारच. माणूस आहे. वर्ग झाला की नाही हे आईवडिलांपासून लपवता येत नाही, ही या संशोधनाची मुळातली अडचण.

जिथे लपवता येतं तिथे काय होतं? ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक नाकात फवारलं की ही मुलं जास्त मिसळतील, अशी बरीच वर्षं आशा होती. २०२१ साली अमेरिकेत ३ ते १७ वयाच्या २९० मुलांवर मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना तसाच दिसणारा पोकळ फवारा, आणि कोणाला काय मिळालं हे घरच्यांना माहीत नाही. चोवीस आठवड्यांनी लोकांपासून अलिप्त राहण्याच्या गुणांमध्ये औषधवाल्या गटात ३.७ गुणांची घट, पोकळ फवाऱ्याच्या गटात ३.५ ची. म्हणजे नुसत्या आशेनेही साडेतीन गुण पडतात! हिशेबतपासनीस म्हणून मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. 'आमच्या वर्गाने फरक पडला' असं कोणीही सांगितलं, की त्यातून आधी आशेचे गुण वजा करायचे आणि मग उरेल ते बघायचं.

इथपर्यंत वाचून ताई म्हणाली, "म्हणजे काहीच उपयोग नाही ना?" तिचा आवाज असा झाला की मला पुढचं घाईघाईने सांगावं लागलं. कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात कॉनी कसारी म्हणून एक संशोधक आहेत. २०१२ साली त्यांच्या गटाने साध्या, सगळ्यांच्या शाळांमध्ये शिकणाऱ्या ६ ते ११ वयाच्या ६० ऑटिस्टिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी चार गट केले. पहिल्या गटात मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला घेऊन कौशल्यं शिकवली. दुसऱ्या गटात त्या मुलाला काहीच शिकवलं नाही, त्याऐवजी त्याच्याच वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं, की मैदानावर कोणाला मिसळायला जड जात असेल तर त्याला खेळात कसं ओढायचं. तिसऱ्या गटात दोन्ही. चौथ्यात दोन्ही नाही. सगळा कारभार सहा आठवड्यांचा.

ज्या गटांमध्ये वर्गमित्रांना शिकवलं होतं, तिथली ऑटिस्टिक मुलं मैदानावर एकटी उभी राहण्याचं प्रमाण कमी झालं. वर्गात 'तुझे मित्र कोण' असं विचारल्यावर त्यांची नावं जास्त जणांनी घेतली. कोण कोणाबरोबर असतं याचा नकाशा काढला तर ती कडेवरून आत सरकली. आणि एरवी ज्यांना काही दिसत नाही त्या शिक्षकांनाही फरक दिसला.

साठ मुलं म्हणजे फार नव्हेत, आणि एका अभ्यासावर जग उभं करू नये, हे मला कळतं. तरी जरा थांबून बघा काय झालं ते. उपचार 'अ'वर करायचा होता, शिकवलं 'ब'ला, आणि सुधारणा 'अ'मध्ये मोजली गेली!

आता तुम्ही म्हणाल हे अमेरिकेतलं. तर आपल्या शेजारचं सांगते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर, लंडन आणि न्यूकॅसल इथल्या १५२ लहानग्यांवर एक चाचणी झाली, तिचा निकाल २०१० मध्ये आला. त्यात मुलाला थेट काहीच शिकवत नाहीत. आई किंवा बाबा मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण करतात, आणि मग तज्ज्ञ त्यांच्या शेजारी बसून ते दाखवतात : हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं होतं, तुमच्या नजरेतून सुटलं. इथे तो चेंडू नाही, चेंडूची सावली बघतोय, तुम्ही चेंडूबद्दल बोलताय. असं. सुरुवातीला ऑटिझमच्या लक्षणांच्या मोजपट्टीवर फरक जेमतेम होता, आईबाबांच्या प्रतिसादात मात्र ठळक. पण सुमारे सहा वर्षांनी त्यातल्या १२१ मुलांना पुन्हा गाठलं, कोण कुठल्या गटात होतं हे माहीत नसलेल्यांकडून तपासून घेतलं, तेव्हा लक्षणांमधला फरक टिकून होता. ते निष्कर्ष २०१६ चे.

हीच पद्धत गोव्यात आली. 'संगाथ' ही तिथली संस्था आणि पलीकडे पाकिस्तानात रावळपिंडी, अशा दोन ठिकाणी मिळून २ ते ९ वयाच्या ६५ मुलांवर चाचणी झाली, तीही २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तज्ज्ञ किती आणि ते बसतात कुठे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे हे काम प्रशिक्षण दिलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी केलं. सहा महिन्यांत बारा बैठका. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले, हा फरक खूप मोठा होता. आणि मुलं आपण होऊन आईवडिलांशी संवाद सुरू करायला लागली. सगळंच गोड नव्हतं, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमी भरला, आणि तेही संशोधकांनी लपवलं नाही. म्हणून माझा विश्वास बसला.

आता या सगळ्यातून मला जे दिसतं ते सांगते. 'सामाजिक कौशल्य' हा शब्दप्रयोगच जरा फसवा आहे. पोहणं हे एकट्याचं कौशल्य, पाढे हे एकट्याचं कौशल्य. पण गप्पा? मैत्री? ती दोघांच्या मधल्या जागेत असते. मग दोघांपैकी एकालाच वर्गात घालून, एकाचीच परीक्षा घेऊन, एकालाच नापास का करायचं?

आपला मराठी शब्दही बघा ना. स्वमग्नता. स्वतःत मग्न. कोणी वाईट हेतूने केलेला नाही, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'स्व' असाच आहे. पण तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे बंद दाराआडचं मूल येतं. दार बाहेरूनही उघडता येतं का, बाहेरच्यांनी कधी कडी वाजवली का, हे प्रश्न त्या शब्दात मावत नाहीत.

डॅमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत, आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. २०१२ साली त्यांनी हेच मांडलं : ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणता, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? अडचण दुहेरी आहे. हे नुसतं तत्त्वज्ञान राहिलं नाही. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना ऑटिस्टिक आणि इतर माणसांच्या काही सेकंदांच्या ध्वनिचित्रफिती दाखवल्या. कोण ऑटिस्टिक हे सांगितलं नव्हतं. तेवढ्या सेकंदांत लोकांनी ऑटिस्टिक माणसांना नापसंत केलं, यांच्याशी बोलायला आवडणार नाही म्हणाले. पण त्याच माणसांचं बोलणं नुसतं कागदावर लिहून वाचायला दिलं, तेव्हा ही नापसंती नाहीशी झाली. म्हणजे बोलण्यातल्या मजकुरात दोष नव्हता. हातवारे, आवाजाची पट्टी, नजर, यावर आपण पहिल्या काही सेकंदांत निकाल देऊन मोकळे होतो. आता सांगा, कौशल्य कोणाचं कमी पडलं?

एडिंबरामध्ये २०२० साली कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी कानगोष्टी खेळायला लावल्या. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला, अशी आठ जणांची साखळी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत राहिली, तितकीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र जास्त गळती झाली. पुढे त्यांच्याच गटाने ३११ जणांवर हा प्रयोग पुन्हा केला, २०२५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि या वेळी मिश्र साखळीतही तशी जास्त गळती दिसली नाही. म्हणजे आधीच्या निकालाचा अर्धा भाग गळाला, पण दुसरा अर्धा आणखी भक्कम झाला : माहिती पोचवण्यात ऑटिस्टिक माणसं कोणापेक्षा कमी पडली नाहीत.

एकाच बाजूला बदलायला लावण्याची किंमत काय असते, हेही बघायला हवं. १९८७ साली लोवास यांचा एक अभ्यास खूप गाजला. १९ लहान मुलं, आठवड्याला चाळीस तास शिकवणी. त्यातली ९ मुलं 'सामान्य' झाली असं जाहीर झालं. सामान्य म्हणजे बुद्ध्यांक सर्वसाधारण आणि साध्या शाळेत पहिली पार. त्या शिकवणीत ओरडणं होतं, प्रसंगी मांडीवर चापटही होती. आज चापट कोणी मान्य करत नाही. पण 'इतरांसारखं दिसणं म्हणजे बरं होणं' ही कल्पना अजून माहितीपत्रकांमधून डोकावते. नजरेला नजर देणे, हात न हलवणे, वगैरे. २०१८ साली ब्रिटनमध्ये सारा कॅसिडी यांच्या गटाने प्रौढ ऑटिस्टिक लोकांचा अभ्यास केला. आपलं वेगळेपण सतत झाकत राहण्याचा संबंध आत्महत्येच्या विचारांशी दिसून आला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे मलाही कळतं. पण आई-मावशी म्हणून हे वाक्य ओलांडून पुढे जाता येत नाही.

आता उलट बाजू. "मग मुलांना काहीच शिकवायचं नाही का? जग काय त्याच्यासाठी बदलणार आहे?" हा भावोजींचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. आपण कायम पुरे पडणार नाही, ही भीती प्रत्येक आईबापाच्या पोटात असते, या मुलांच्या आईबापांच्या जास्तच. तर शिकवायचं, नक्की शिकवायचं. मदत मागणं, 'नको' म्हणणं, कोणी फसवतंय किंवा त्रास देतंय हे ओळखणं, आणि त्याला स्वतःला मित्र हवा असेल तर तो कसा जोडायचा, हे सगळं. हे शिकणं त्याच्या उपयोगाचं आहे. फक्त शिकण्याचं ओझं एकट्या नऊ वर्षांच्या खांद्यावर नको, एवढंच माझं म्हणणं. आणि आणखी एक. या गटवर्गांच्या चाचण्यांमध्ये बहुतेक बोलणारी, शाळेत जाणारी मुलं होती. जी मुलं बोलत नाहीत त्यांच्या आयांना हे आकडे दाखवून कोणी आशा किंवा भीती विकू नये.

ताईला मी सांगितलं की वर्गवाल्यांना चार प्रश्न विचार. शेवटी तुम्ही काय मोजणार, त्याला काय पाठ झालं ते, की मैदानावर काय बदललं ते? शाळेतल्या मुलांबरोबर आणि बाईंबरोबर तुम्ही काही करणार की नाही? आम्हा घरच्यांना काय शिकवणार? आणि नजर दे, हात हलवू नको, यावर वेळ घालवणार का? पहिल्या तीनांची उत्तरं नीट आली आणि चौथ्याचं 'नाही' आलं, तर घाल. नाहीतर ते पैसे ठेव, आणि आधी शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेशी बोल. तीन वर्गमित्र तयार होणार असतील तर ते साडेतीन महिन्यांच्या फीपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ.

ताईने फोन करून विचारलं. मोजण्याच्या प्रश्नाला "मुलांमध्ये खूप छान बदल दिसतो" असं उत्तर आलं. ताईने वर्ग तूर्त थांबवला आहे आणि शाळेची वेळ घेतली आहे.

एक गोष्ट कुठल्याच प्रश्नावलीत मावत नाही, ती इथे नोंदवून ठेवते. माझ्या भाच्याला सोसायटीच्या पाण्याचं अचाट वेड आहे. कुठल्या विंगची टाकी किती वाजता भरते, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, मोटर कधी बंद करायची, सगळं तोंडपाठ. त्यामुळे वॉचमनकाकांशी त्याची घट्ट दोस्ती आहे. रोज संध्याकाळी दोघं व्हॉल्व्ह उघडायला जातात. बोलतात कमी, पण एकमेकांची वाट बघतात. काका गावी गेले होते तेव्हा तो चार दिवस जेवला नाही धड, आणि काका परतले ते त्याच्यासाठी गावच्या विहिरीवरच्या पंपाचा फोटो काढूनच. मैत्री याहून वेगळी काय असते? पण समवयस्क मित्रांच्या रकान्यात शून्यच भरणार. वॉचमनकाकांनी कुठला अभ्यासक्रम केला नव्हता. त्यांनी फक्त त्याच्या विषयात रस घेतला.

आपल्याकडे खेळात लहानग्यांना 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायची पद्धत होती, अजूनही कुठे कुठे आहे. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, पण तो खेळात असतो. ही पद्धत मला अर्धी आवडते. कोणालाही बाहेर उभं न करण्याचा मोठेपणा तिच्यात आहे. पण कच्चा लिंबू मोजणीत नसतो, आणि त्यालाही ते चांगलं कळत असतं. कसारींच्या मैदानावर झालं ते याच्या पुढचं होतं, तिथे वर्गमित्रांनी त्याचं नाव घेतलं. आपल्याला तिथपर्यंत जायचं आहे.

आता नातेवाईक मंडळी, तुमच्यासाठी. गणपतीला सगळे ताईकडे जमणार आहात. आल्या आल्या त्याला "मला ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" असं विचारू नका, ती परीक्षा आहे. गालाला हात लावू नका. तो आरतीला आतल्या खोलीत गेला तर त्याला ओढून आणू नका, झांजांचा आवाज त्याला सहन होत नाही, भक्तीशी त्याचा संबंध नाही. "अगं, बोलत का नाही हा?" असं त्याच्यासमोर ताईला विचारू नका, त्याला सगळं ऐकू येतं. तुमची मुलं खेळत असतील तर त्यातल्या एकाला हळूच सांगा, त्यालाही बोलाव, आणि खेळ समजावून सांगायला एक मिनिट जास्त दे.

आणि त्याच्याशी बोलायचंच असेल, तर शेजारी बसा, तोंडाकडे बघत बसू नका, आणि विचारा की 'बी' विंगची टाकी ओव्हरफ्लो का होते. उत्तर मोठं असतं. साधारण दोन मोदक संपेपर्यंत चालतं. मध्ये थांबवू नका.